तिसऱ्या सिलिंडरशेजारचा बोल्ट

त्या घरात पासिता दोन होत्या आणि दोघीही लवकर तापायच्या. एक जीपनी, उतारू वाहणारी लांब जीप. तिच्या कपाळावर लाल-पिवळ्या अक्षरांत ते नाव रंगवलेलं होतं. दुसरी विनाची सासू. तिच्या नवऱ्याने हौसेने गाडीला बायकोचं नाव दिलं आणि मग एका पावसात दुसऱ्या, जुन्या गाडीबरोबर तोही गेला, नाव मागे ठेवून. सध्या दोघींच्या तोंडून वाफ निघत होती. सान होआकिनच्या चढावर गाडी फुसफुसायला लागली की विनाचा नवरा रेनान्ते उतारूंना खाली उतरवायचा आणि रेडिएटरमध्ये बादल्या रिकाम्या करायचा. इकडे सासू बाजारात, मासळीच्या पाट्यांसमोर उभी राहून, ऐकेल त्याला सांगायची की मेकॅनिकने इंजिनातली गळती रोखणारं गॅस्केट जुनंच बसवलं आणि नवं विकून खाल्लं.

हा मेकॅनिक म्हणजे विनाचा बाप, तुरिंग.

लग्न ठरलं त्या दिवसापासून सासू त्याला 'बलाए' म्हणायची आणि तोही तिला 'बलाए'. व्याही-विहीण एकमेकांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारतच नाहीत. साखरपुड्याच्या डुकराच्या ताटावर बसून ते नाव एकदा जिभेवर आलं की कबरीपर्यंत टिकतं. सासूने ते टाकलं. 'तुझा बाप' असंही ती म्हणेना. 'मेकॅनिक' म्हणायची, आणि तेही असं, जसं एखादी पायाला चिकटलेली गोष्ट काठीने बाजूला सारावी.

"नानाय, तो चोर नाही," विनाने एकदा सासूला म्हणून पाहिलं.

"मी कुठं चोर म्हटलं? मी फक्त विचारते, नवं गॅस्केट वर्ष व्हायच्या आत उडतं कसं?"

"उडतं कधी कधी."

"तुझ्या बापाच्या हातून बसवलेलं उडतं. हात थरथरतात त्याचे. मान्य करायला लाज वाटते, म्हणून गॅस्केटवर ढकलतो."

शब्दाला शब्द लागत गेला आणि शेवटी सासूने आपलं म्हणणं पायरीवर बसून सगळ्यांसमोर मांडलं. ज्याने बसवलं त्यानेच येऊन उघडून दाखवावं, दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांच्या समोर. त्याची चूक निघाली तर त्याने या फाटकातून पुन्हा आत यायचं नाही. नातू बघायचा असेल तर रविवारी चर्चमध्ये बघावा, लांबच्या बाकावरून.

रेनान्तेही तिथेच पायरीशी उभा होता. विनाला वाटलं, याने आता तरी बोलावं. पण तो आईसमोर नेहमीच तोंडात घास असल्यासारखा वागायचा. त्याने फक्त इलोइलो शहरातून नवं गॅस्केट आणलं आणि टेबलावर ठेवलं. विनाने आठ महिन्यांच्या एमानला छातीशी धरलं आणि त्याच्या टाळूवर हनुवटी टेकवून बसून राहिली. टाळूला दुधाचा आणि उन्हाचा वास होता. या टाळूचा वास तिच्या बापाने अजून दोनदाच घेतला होता.

*

तुरिंग सकाळी आला, तेव्हा अंगणात आधीच माणसं जमली होती. समोरचा बेर्तो दात कोरत उभा होता. मोठा दीर एल्मर, ज्याला विना मानोंग एल्मर म्हणायची, फाटकाला टेकून तुरिंगच्या हत्यारांच्या पेटीकडे असा बघत होता, जणू तिच्यातून जुनं गॅस्केट आत्ताच बाहेर पडेल. सासू बाहेरच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी ओली तूर सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. तुरिंगने कुणाला हात केला नाही. एकदाच खिडकीकडे बघितलं. आत एमानचा झोळा हलत होता. मग त्याने पेटी खाली ठेवली.

"विना, तू रेडिएटरवर उभी राहा," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला असंच सांगायचा, विना पान्यावर, विना दिव्यावर.

इंजिन थंड होतं. तिने रेडिएटरचं झाकण काढलं आणि पाणी काठापर्यंत भरलं. रेनान्तेने गाडी चालू केली. मागून पांढरा धूर निघाला आणि वाऱ्यावर चुलीकडे गेला. सासू खोकली, मुद्दाम जरा जास्तच. पाण्यात बुडबुडे येऊ लागले. आधी एकेक, मग भात शिजावा तसे भराभर. विनाने वाकून वास घेतला. पाण्याला सायलेंसरचा वास येत होता.

"जळालेली हवा येतेय पाण्यात," ती म्हणाली.

"ते आम्हालाही दिसतंय," एल्मर म्हणाला. "कुठल्या सिलिंडरमधून ते सांगा. का सगळेच गेले?"

तुरिंगने उत्तर न देता डिझेलच्या नळ्यांपाशी चिंधी धरली आणि पहिल्या नळीचा नट सैल केला. एका सिलिंडरचं डिझेल बंद झालं. इंजिन अडखळलं, बुडबुडे होते तसेच. नट आवळला. दुसरा सैल केला. बुडबुडे तसेच. तिसरा सैल केला तेव्हा पाणी जवळजवळ शांत झालं. एखाददुसरा बुडबुडा वर आला, तोही दमल्यासारखा. नट आवळताच पाणी पुन्हा खदखदलं.

"तिसरा," विना म्हणाली.

"तिसरा," तुरिंग म्हणाला. त्याने तेलाची पट्टी काढून चिंधीवर पुसली. तेलाचं पातळ ताक झालं होतं. ती चिंधी त्याने एल्मरकडे धरली. "वास घे. पाणी तेलात गेलंय. अजून दोन खेपा मारल्या असत्या तर खालचं सगळं गेलं असतं."

"म्हणजे उपकारच केलेत तुम्ही."

बेर्तोला हसू आवरलं नाही. "मी सांगत होतो. रेडिएटरमध्ये दोन अंडी फोडून घाला. माझ्या मेहुण्याने घातली होती, गळती बंद झाली."

"मग त्याची गाडी कुठे आहे?" विनाने विचारलं.

"विकली."

"का?"

बेर्तोने दात कोरायला पुन्हा सुरुवात केली.

*

पाणी सोडलं, नळ्या सुटल्या, वरचं झाकण निघालं. तुरिंगने हेडचे, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या जड लोखंडी भागाचे, बोल्ट बाहेरून आत, एकेक करत, थोडे थोडे सैल करायला घेतले. त्याचे हात थरथरतात हे खरं होतं. पाना बोल्टवर बसेपर्यंत थरथरायचे, एकदा बसला की नाही. सगळे बोल्ट कुरकुरत, अंग चोरत सुटले. तिसऱ्या सिलिंडरशेजारचा मात्र एकदा टक् झाला आणि पुढे बोटांनीच फिरला. तुरिंगने तो हातात तोलला, बाकीच्यांपासून वेगळा ठेवला.

रेनान्ते आणि एल्मरने मिळून हेड उचललं. त्या वेळेपुरतं भावांना एकमेकांशी बोलावं लागलं, "तुझ्या बाजूने घे", "हळू", एवढंच. खाली गॅस्केट चिकटलेलं होतं. तुरिंगने ते सावकाश सोडवलं आणि उन्हात धरलं. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकाच्या कडेला, पाण्याच्या वाटेपर्यंत, पातळ काळी वाट जळाली होती.

एल्मरने ते त्याच्या हातातून घेतलं. उलटंपालटं केलं. कोपऱ्यात छापलेले आकडे अजून वाचता येत होते. इलोइलोहून आलेल्या पाकिटावरचे आणि याचे आकडे सारखेच होते. त्याने दोन्ही शेजारी धरले आणि बराच वेळ बघत राहिला, कुठेतरी फरक निघेल या आशेने.

"नवंच होतं," विना म्हणाली, चुलीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

तुरीची शेंग फुटल्याचा आवाज आला. मग सासूचा.

"नवं होतं, तर मग हात चुकला. गॅस्केट चोरलं नाही, एवढंच कळलं. बसवता येत नाही, हेही कळलं."

तुरिंगने पेटीतून पोलादी सरळपट्टी काढली आणि उलट्या ठेवलेल्या हेडवर आडवी, तिरपी, पुन्हा आडवी ठेवून पाहिली. विना पलीकडून वाकून पट्टीखालून उजेड येतो का बघत होती. उजेड आला नाही. हेड सरळ होतं. तापून वाकलं असतं तर सगळं हेडवर ढकलता आलं असतं. विनाला वाटलं, वाकलेलं असतं तर बरं झालं असतं, आणि लगेच तिला त्या वाटण्याची लाज वाटली.

"भोकं साफ कर," बाप म्हणाला.

बोल्ट ज्यात बसतात ती भोकं आंधळी असतात, खाली बंद. तारेला चिंधी गुंडाळून ती एकेक साफ करू लागली. सगळ्यांतून थोडं तेल, थोडा गंज निघाला. तिसऱ्या सिलिंडरशेजारच्या भोकात मात्र तार पूर्ण खाली जाईना. तळाशी काहीतरी कडक होतं. तिने तार वळवून खरवडलं. काळपट तपकिरी पापुद्रे वर आले, करपलेल्या गुळासारखे. तिने ते तळहातावर घेतले, थुंकी लावून चोळले. गंज असा विरघळून लालसर पसरत नाही. आणि त्यातच, एका पापुद्र्याला चिकटलेलं, नखाएवढं पीस होतं. तांबडं, मऊ, कोंबड्याच्या गळ्याखालचं.

तिला समजायला क्षणही लागला नाही.

गेल्या वर्षी, ती सातव्या महिन्यात असताना, बापाने इंजिन असंच उघडलं होतं. भोकं साफ करून, वर पिठाचं रिकामं पोतं टाकून तो गॅस्केट आणायला इलोइलोला गेला होता. ती आत पाय वर करून निजली होती. तो परतला तेव्हा चारही चाकांवर रक्ताचे शिंतोडे होते आणि चुलीवर कोंबडा शिजत होता. पादुगो झालं होतं. मोठं काम केलेल्या गाडीला रक्त दाखवतात, नाहीतर रस्ता स्वतःच ते घेतो. त्यात कुणाला काही विचारायचं नव्हतं. बाप सूप प्यायला, त्याने पोतं काढलं आणि हेड बसवलं.

भोकात रक्त साचलेलं असेल तर बोल्ट रक्तावर आवळला जातो, लोखंडावर नाही. पाना म्हणतो घट्ट झाला. झालेला नसतो.

"ताताय," ती हळूच म्हणाली आणि मूठ उघडली.

तुरिंगने पाहिलं. पीस पाहिलं, पापुद्रे पाहिले, चुलीकडे पाहिलं.

"साफ कर," तो म्हणाला.

"सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर ते चोराचं बोलणं. इथं माझ्या तोंडचं कोण ऐकतंय?" मग जरा थांबून, स्वतःशीच चिडल्यासारखा, "बोल्ट घालताना मीही पुन्हा बघितलं नाही. सूप प्यायलो नि बसवलं."

"म्हणजे तुमची चूक?"

"भोक साफ कर, विना."

*

विनाने पीस रुमालात बांधलं आणि चुलीपाशी गेली. सासू फणसाच्या फोडी करत होती. चिक लागू नये म्हणून चोळलेल्या तेलाने तिची बोटं तेलकट झाली होती, बापाच्या बोटांसारखीच. विनाने रुमाल तिच्यासमोर ओट्यावर उघडला.

"हे काय?"

"कोंबड्याचं पीस."

"अंगणात कोंबड्या आहेत. पिसं उडतात."

"बोल्टाखाली उडत नाहीत, नानाय."

सुरी थांबली. सासूने पिसाकडे पाहिलं. मग पापुद्र्यांकडे. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरं पडलं.

"चाकांना द्यायचं असतं," विना म्हणाली. आवाज उंच होऊ नये म्हणून ती प्रत्येक शब्द दाबून बोलत होती. "सगळे चाकांना देतात. तुम्ही पोतं उचलून आत कशाला दिलंत?"

"तू मला पादुगो शिकवणार?"

"मी विचारतेय."

सासूने सुरी ओट्यावर आपटली नाही, अलगद ठेवली. ते जास्त वाईट होतं.

"तुझ्या सासऱ्याने चाकांना दिलं होतं. चारही चाकांना. मोठा कोंबडा होता. रक्त जमिनीपर्यंत ओघळलं होतं. तरी गाडी दरीत गेली." ती फणसाकडे बघत बोलत होती. "आत दिलं नव्हतं त्याने. त्या गाडीच्या काळजाला काहीच मिळालं नव्हतं. मग मी काय करायचं होतं, इंदाय, पोरी? माझ्या रेनान्तेला पुन्हा चाकांच्या भरवशावर सोडायचं?"

विनाला जेवढा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, आणि याचाच तिला जास्त राग आला. आत झोळ्यात एमान जागा झाला होता, स्वतःशी बडबडत होता. उद्या तो रस्त्यावर जाईल तेव्हा आपण काय काय करू, कुठलं पोतं उचलू, हे तिला सांगता आलं नसतं. पण हे सासूला सांगायचं नव्हतं. आज तरी नाही.

"तुम्ही माझ्या बापाला बाजारात चोर केलंत," ती म्हणाली. "गेले दोन महिने त्याच्याकडे एक गाडी आलेली नाही."

"मला माहीत नव्हतं हे असं होतं."

"माहीत नव्हतं तर गप्प बसायचं होतं. त्याच्याकडे आकड्यांचं गॅस्केट होतं. तुमच्याकडे काय होतं? तोंड."

"सासूशी बोलतेयस तू."

"हो. म्हणून इथे, चुलीपाशी बोलतेय. तिकडे माणसं आहेत." विनाने रुमालाची गाठ पुन्हा मारली. "हेड खाली बसायच्या आत तुम्ही बोला. नाहीतर मी बोलते, आणि मला बोलायला लागलं तर मी सगळ्यांना पीस दाखवेन. बेर्तोलाही."

बेर्तोला दाखवणं म्हणजे संध्याकाळपर्यंत चर्चच्या घंटेबरोबर वाजणं. सासूला ते कळलं.

"माझ्याच घरात मला धमकी," ती म्हणाली.

"तुमच्याच घरात तो आत येणार नाही म्हणालात ना तुम्ही."

*

तुरिंगने नवं पाकीट एल्मरसमोर फोडलं. "हात लावून बघ. नवं आहे? मग मोठ्याने सांग."

"नवं आहे," एल्मर म्हणाला, दात न उघडता.

"भोकात बघ. सगळ्या."

एल्मर वाकला आणि दिव्याने एकेक भोक पाहत गेला. "कोरडी आहेत."

"हेही मोठ्याने."

"कोरडी आहेत, म्हटलं ना. शपथ घेऊ?"

गॅस्केट बसलं. रेनान्तेने आणि एल्मरने हेड उचललं आणि छातीशी धरून उभे राहिले. विनाने रुमाल मुठीत घेतला. तिने चुलीकडे पाहिलं. चुलीपाशी कुणी नव्हतं.

सासू परसातून आली, काखेत तांबडा कोंबडा धरून. दुसऱ्या हातात सुरी होती. कोंबड्याचे पाय बांधलेले होते, तो तिच्या कोपरावर मान टाकून डोळे मिचकावत होता. अंगणातली माणसं बाजूला झाली. तुरिंगने पाना खाली केला आणि उघड्या इंजिनासमोर पुढे सरकून उभा राहिला, दोन्ही हात पसरून. कुणी विचार करायच्या आत तो तसा उभा राहिला होता.

सासू त्याच्यासमोर थांबली. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. विनाने रुमालाच्या गाठीत नख घातलं.

"बलाए," सासू म्हणाली. खरखरीत आवाजात, जणू शब्द घशात अडकून राहिला होता आणि बाहेर येताना सोलून निघाला. "आता टाकू की नंतर?"

कुणाला आधी कळलं नाही. मग एल्मरला कळलं. हेडचं वजन हातात असताना त्याने मान वळवली.

"नानाय, गेल्या वेळी तू कधी टाकलंस?"

"आधी."

"कुठे?"

"आत." ती एल्मरकडे बघत नव्हती. तिची नजर तुरिंगच्या छातीवर होती, तेलाच्या डागांवर. "हा गॅस्केट आणायला गेला होता. पोतं उचलून मीच टाकलं. म्हणून उडालं. झालं? आता ते खाली ठेवा, हात तुटतील."

बेर्तोच्या तोंडातली काडी खाली पडली. कुणी हसलं नाही. तुरिंगने पसरलेले हात सावकाश खाली घेतले.

"नंतर," तो म्हणाला. "चाकांवर. आत नाही."

"काळजाला काहीच नाही?"

तुरिंगने जरा विचार केला. "वरचं झाकण लागू दे. झाकणावर टाक. एक थेंब."

"दोन."

"एक, बलाए."

हेड खाली बसलं. तो मधून बाहेर, फिरत फिरत, बोल्ट आवळत गेला. एकदा हलके, मग जास्त, मग पूर्ण. सासू कोंबडा काखेत घेऊन सगळा वेळ तिथेच उभी होती आणि प्रत्येक बोल्टकडे असं बघत होती, जसं ती बाजारात माशाचे कल्ले बघायची. कोंबडा झोपून गेला.

दुपार कलली तेव्हा रेनान्तेने गाडी चालू केली. विना रेडिएटरवर वाकली. पाणी हललं, थरथरलं, मग स्थिर झालं. त्यात तिचा चेहरा दिसत होता, कपाळावर तेल आणि केसांना चिकटलेला घाम. बुडबुडा एकही नव्हता. तिने पाणी गरम होईपर्यंत वाट पाहिली. तरीही नव्हता.

"शांत आहे," ती म्हणाली. तिने कपाळावरचं तेल बाहीने पुसलं.

मग चाकांवर रक्त पडलं, आणि झाकणावर एक थेंब. सासूच्या हातून तो जरा मोठा पडला. तुरिंगने पाहिलं आणि तो पान्याकडे वळला.

तो हत्यारं पुसून पेटीत ठेवू लागला. जेवायला थांबा, असं कुणी म्हणालं नव्हतं. सासू आत गेली आणि एमानला कडेवर घेऊन बाहेर आली. तो झोपेतून उठून चिडलेला होता, तिचं कानातलं ओढत होता.

"साबणाचा चुरा नळापाशी आहे," ती तुरिंगला म्हणाली. "कोपरापर्यंत धुवा. माझ्या नातवाला ग्रीस लावलंत तर बघा. आणि कोंबडा शिजायला वेळ लागेल, म्हणून घाई करू नका."

तुरिंग नळाकडे गेला. त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, नखांखालून काडीने काळं काढलं. मग बाकावर बसून दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. एमान त्यात आला तेव्हा थांबले. त्याने नातवाची टाळू नाकाशी धरली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"बाजारातही सांगाल?" विनाने सासूजवळ उभं राहून विचारलं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"उद्या मासळीला जायचंच आहे."

"मी येऊ बरोबर?"

"माझ्यावर भरवसा नाही तुझा."

"नाही," विना म्हणाली.

सासूने तिच्याकडे पाहिलं, मग कोंबड्याची पिसं काढायचं गरम पाणी घेऊन परसात निघून गेली. विनाने रुमाल उघडला नाही. गाठ तशीच ठेवून तो पोलक्यात खोवला, उद्यापर्यंत.